लाल रेघेपर्यंत

आमच्या कारखान्यात बोलायला बंदी नाही. उलट बोललं नाही तर झोप येते. काम तसंच आहे. चष्म्याच्या दुकानांकडून फ्रेमा येतात, सोबत नंबर लिहिलेली चिठ्ठी येते, आणि आम्ही काचा घासून, बसवून, पुसून परत पाठवतो. मी यंत्रात डोळा घालून काचेचा नंबर तपासते आणि काचेवर शाईचे तीन ठिपके देते. थांबाकाका ते ठिपके बघून काच चाकावर धरतात आणि फ्रेमेच्या मापाची करतात. ज्या फ्रेमांना खालची कड नसते त्यांच्यात नायलॉनचा दोरा ओवायचं काम एक मुलगी करते. तिला सगळे नायलॉनच म्हणतात आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. तिघांचेही हात आणि डोळे दिवसभर अडकलेले, तोंड तेवढं रिकामं. मग मालिकांवर नाही बोलायचं तर काय एकमेकांच्या सासवांवर बोलायचं? त्याही करून झाल्या होत्या.

काकांचं थांबाकाका हे नाव मीच पाडलं. माझ्याहून ते दोनच वर्षांनी मोठे, पण कारखान्यात सगळ्यांचे काका, म्हणून माझेही. आम्ही तिघंही तेव्हा एकच मालिका बघत होतो. बाहेरच्या देशातली, खाली अक्षरं येणारी. डोंगरातलं हॉटेल, चहूकडे बर्फ, हॉटेलवालीने एक खोली कायमची कुलूप लावून ठेवलेली, आणि एक घाऱ्या डोळ्यांचा डॉक्टर, ज्याला सगळं माहीत असतं पण जो तोंड उघडत नाही. मी सकाळी आल्या आल्या पिशवी ठेवायच्या आधीच सुरू व्हायचे, "अगं, काल बघितलंस का, त्या मेल्या घाऱ्यानं..." आणि लगेच पलीकडून ओला हात वर यायचा.

"थांबा. मी तिथवर आलो नाही."

"कुठवर आलायत?"

"सहावा भाग. तेवीस मिनिटं."

तेवीस मिनिटं! एकदा सतरा, एकदा एकतीस, एकदा नुसती चार. मी म्हटलं, अहो काका, मालिका आहे का डोळ्यांत घालायचं औषध, मोजून घ्यायला? माणूस भाग संपवतो नाहीतर झोपतो. तेवीस मिनिटांवर टीव्ही बंद करून माणूस करतो काय? ते हसायचे नाहीत. चाकावर पाणी सोडायचे आणि पुढची काच धरायचे.

पण जेवढं बघितलेलं असायचं त्यावर मात्र हा माणूस बोलायचा, आणि काय बोलायचा! एरवी दिवसभरात दहा वाक्यं. मालिकेचं निघालं की वकिलासारखं. मला तो घाऱ्या डॉक्टर डोक्यात जायचा. मी म्हणायचे, एवढं माहीत आहे तर सांगून टाक ना बाबा, आठ भाग कशाला ताणतोस. काका म्हणायचे, "त्याला सांगता येत नाही, बाई. सांगायचं नाही असं नाही. येत नाही." मग का येत नाही, कुठल्या भागात त्याने दारापर्यंत जाऊन हात मागे घेतला, हॉटेलवाली त्या वेळी काय करत होती, सगळं बारकाव्यांसकट सांगायचे. दुसऱ्या दिवशी तोच मुद्दा जरा बदलून पुन्हा. मला वाटायचं, हे माझ्याशी भांडतायत. ते सराव करत होते हे मला फार उशिरा कळलं.

सांगितलं त्यांनीच. एका शनिवारी नायलॉन लवकर गेली होती, आम्ही दोघंच होतो. मी पुन्हा तेवीस मिनिटांवरून चिडवलं, तेव्हा त्यांनी चाक बंद केलं.

"लेक तिथवर बघते. म्हणून मी तिथवर बघतो," ते म्हणाले.

त्यांना एक मुलगी आहे हे मला ठाऊक होतं, पुढचं काही ठाऊक नव्हतं. घरात तिला खारू म्हणतात. अडीच वर्षांपूर्वी तिने न सांगता लग्न केलं. नवरा आधी एकदा लग्न होऊन सुटलेला, पदरात सात वर्षांचा मुलगा. ती सांगायला आली तर काकांनी तिला दारातूनच घालवलं. म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आणि बायकोला बजावलं, या घरात तिचं नाव निघता कामा नये. एरवी गायीसारखा माणूस, पण त्या दिवशी अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मुलगीही त्यांचीच. गेली ती गेली. फोनचा नंबरही बदलला म्हणे.

पण घरातल्या टीव्हीवर तिनेच पूर्वी सगळं जोडून दिलं होतं. टीव्ही लावला की तीन चेहरे येतात, आई, बाबा आणि खारू. ज्याचा चेहरा दाबाल त्याच्या मालिका उघडतात. काकांनी एकदा चुकून खारूचा चेहरा दाबला. तर तिथे एक मालिका अर्धवट बघितलेली, चित्राखाली लाल रेघ. दुसऱ्या दिवशी बघितलं तर रेघ सरकलेली. म्हणजे मुलगी जिथे कुठे आहे तिथे हेच खातं वापरते, बघते आहे, जेवूनखाऊन सुखात सोफ्यावर पडून मालिका बघण्याइतकी बरी आहे. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी घरी गेले की आधी खारूचा चेहरा दाबायचे, रेघ कुठवर आली ते बघायचे, तिथलं काही चालू न करता बाहेर यायचे, आणि स्वतःच्या चेहऱ्यातून तेवढंच बघायचे. एक मिनिट जास्त नाही. दोन वर्षं.

"पुढं बघितलं तर काय होईल?" मी विचारलं.

"मग तिच्या आधी मला कळेल. बोलताना चूक होईल."

"कोणाशी बोलताना?"

"कधी बोलणं झालंच तर."

हे सगळं त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात ते 'उजवी काच डाव्या बाजूला गेली आहे' असं सांगतात. डोळ्यांत पाणी नाही. खरं सांगते, मलाही रडू वगैरे आलं नाही. मी म्हटलं, हं. आणि चिठ्ठ्या आवरायला लागले. घरी गेल्यावर मात्र मला नवऱ्याचा उगीच राग आला आणि मी त्याच्यावर भाजी जास्त शिजली म्हणून ओरडले. भाजी मीच केली होती.

त्यानंतर मी चिडवणं सोडलं. काका हात वर करायचे, आम्ही गप्प बसायचो. नायलॉनला मी एवढंच सांगितलं की त्यांच्याकडे टीव्ही नीट चालत नाही.

आणि मग रेघ थांबली.

सातवा भाग, चौदा मिनिटं. गुरुवारी चौदा, शुक्रवारी चौदा, सोमवारीही चौदा. पहिला आठवडा मी म्हटलं, अहो, पाहुणे आले असतील. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, कंटाळा आला असेल, सातवा भाग आहेच रटाळ, लेखक त्या दिवशी नक्की झोपला होता. काका म्हणाले, "रटाळ नाहीये." तिसऱ्या आठवड्यात मी काही म्हटलं नाही. आमची मालिका संपून गेली होती, नायलॉनने दुसरी धरली होती, आणि काका अजून चौदा मिनिटांवर. रोज तीच चौदा मिनिटं बघायचे म्हणे. सकाळी कारखान्यातला पेपर आला की आधी अपघाताची पानं काढायचे, बोट ठेवून नावं वाचायचे, घडी घालून ठेवायचे आणि चाक सुरू करायचे.

काम बिघडायला लागलं. तिरप्या नंबराच्या काचेला कोन सांभाळावा लागतो. चिठ्ठीत एकशेऐंशी असेल आणि तुम्ही ऐंशीवर बसवलीत तर त्या माणसाला सरळ भिंत वाकडी दिसणार. तीस वर्षांत काकांची अशी काच परत आली नव्हती. त्या एका आठवड्यात तीन आल्या. मालक वरून खाली आले, काचा टेबलावर ठेवल्या, आणि काकांचा चेहरा बघून तसेच वर गेले. मी विचारलं, "काका, बायकोशी तरी बोललात का?" तर म्हणाले, "तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तिला कशाला त्रास?" त्यासाठी त्यांनी एक दिवसाची रजा घेतलेली मला आठवली. मोतीबिंदू होता. तेवढंच. पुढचं मला त्या क्षणी सुचलं नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःला आजही चार शिव्या घालते.

सुचलं ते चिठ्ठी हातात आल्यावर. महिना झाल्यावर काकूंच्या डोळ्यांचा नवा नंबर निघाला आणि काका स्वतःच ती चिठ्ठी घेऊन आले, घरचं काम म्हणून. मी काच यंत्रात धरली, नंबर जुळवला, ठिपके दिले. चिठ्ठीवर डॉक्टरांनी वर ऑपरेशनची तारीख लिहिली होती. मी ती वाचली. पुन्हा वाचली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन बोटाने मोजलं. ज्या दिवशी रेघ थांबली त्याच दिवसाची तारीख.

एखादीने शांतपणे सांगितलं असतं. बाजूला घेऊन, गोडीत, हळूच. मी तशी नाही. महिनाभर या माणसाचं तोंड बघून माझं डोकं उठलं होतं.

"अहो काका!" मी जवळजवळ ओरडलेच, "तुमची खारू नाही बघत ती मालिका! तुमची बायको बघते! दुपारी, तुम्ही इथे असता तेव्हा! महिनाभर तिला खालची अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून रेघ थांबली!"

नायलॉनच्या हातातली फ्रेम खाली पडली. काकांनी काच चाकावरून उचलली, पुसली, उजेडात धरून बघितली.

"घरच्या काचा द्या इकडे. आज न्यायच्यात," ते म्हणाले.

त्या काचा त्यांनी घासल्या आणि अगदी बरोबर बसवल्या. मी नंतर तपासल्या.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. मी रात्रभर स्वतःला बोल लावत होते, माझ्या जिभेला हाड नाही, गेले तर नसतील ना कुठे निघून, असं काय काय मनात आलं होतं. ते आले, डबा ठेवला, आणि चाक सुरू करायच्या आधी उभ्या उभ्या सांगून टाकलं.

घरी जाऊन त्यांनी बायकोला चष्मा दिला आणि विचारलं, तू खारूच्या चेहऱ्यातून मालिका बघतेस का? ती म्हणाली, हो, दोन वर्षं झाली की. माझ्या चेहऱ्यात नुसतं स्वयंपाकाचं दाखवतात, तिच्यात चांगलं असतं.

मग त्यांनी विचारलं, खारूचं काही कळतं का तुला?

ती म्हणाली, दर गुरुवारी दुपारी फोन येतो. ऑपरेशनच्या दिवशीही आला होता. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होता.

"म्हणजे तिने सांगितलं नाही तुम्हाला? दोन वर्षं?" मी म्हटलं. मला काकूंचा संताप आला होता.

"मीच सांगितलं होतं ना, नाव काढायचं नाही. ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"बरी आहे ना पण पोर?"

"बरी आहे. नोकरी लागली आहे. मुलगा तिला आई म्हणतो." त्यांनी चाकाचा नळ सोडला, मग पुन्हा बंद केला. "मी विचारलं, माझं काही विचारते का. बायको म्हणाली, पहिल्या वर्षी विचारायची."

नायलॉन रडायला लागली. मी तिला म्हटलं, जा, तोंड धुऊन ये. काकांनी पहिली काच घेतली.

त्यांना मुलीचा नंबर मिळाला होता. बायकोने सांगितला, त्यांनी कामाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. रोज त्या खिशाला चौकोनी फुगवटा दिसायचा. शर्ट बदलायचा, चिठ्ठी तीच. मी दोन दिवस थांबले, चार दिवस थांबले. आठव्या दिवशी मला राहवलं नाही.

"केलात का फोन?"

"नाही."

"का?"

त्यांनी हातातली काच खाली ठेवली. मग म्हणाले, "बोलू काय? माझ्याकडे त्या मालिकांचंच होतं सगळं. दोन वर्षांत नऊ मालिका झाल्या. कोण बरोबर, कोण चुकलं, तिला काय आवडलं असेल, तिने कुठे मला वेड्यात काढलं असतं, सगळं ठरवून ठेवलं होतं. ती लहान असताना आम्ही दोघं असंच भांडायचो टीव्हीसमोर. म्हटलं, बोलणं निघालं तर तिथून सुरू करू, मग बाकीचं होईल. आता तिने त्यातलं काहीच बघितलेलं नाही."

"अहो, मग तब्येत विचारा! जेवलीस का विचारा! माफ कर म्हणा, नाहीतर काही म्हणू नका, नुसतं हॅलो म्हणा! एवढं घाबरायला ती काय वाघीण आहे?"

"हं," ते म्हणाले.

त्या 'हं'ने माझं टाळकं सरकलं. आमच्या टेबलाच्या टोकाला कारखान्याचा फोन आहे, वायरवाला, जुना. मी उठले, काकांच्या खिशातून चिठ्ठी काढली, नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. मीही कान जवळच धरून उभी राहिले.

पलीकडे घंटी चार वेळा वाजली.

"हॅलो," बाईचा आवाज. मागे कुठेतरी पोराचं बोलणं.

काका टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले.

"हॅलो? कोण?"

मी काकांना कोपर मारलं. त्यांनी घसा साफ केला. या फोनवरून आम्ही दिवसातून वीसदा दुकानांना एकच वाक्य सांगतो, आणि त्यांच्या तोंडून तेच निघालं, त्याच आवाजात.

"चष्मा तयार आहे."

पलीकडे पोराचा आवाज थांबला.

"मला चष्मा नाही," ती म्हणाली. "राँग नंबर लागलाय तुम्हाला."

तरी तिने लगेच ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता. काकांनी काही म्हटलं असतं तर तेवढा वेळ होता. मग फोन कट झाला.

मी रिसीव्हर खाली ठेवला. मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्याच वेळी पाय धरावेसे वाटले. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"अजून चष्मा लागला नाही तिला," काका म्हणाले. "एकतीस वर्षांची झाली. आमच्याकडे सगळ्यांना विशीच्या आत लागतो." आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले, माझ्याकडे हात पुढे केला, ठिपके दिलेली पुढची काच मागायला.

मी काच दिली. या फोनचा नंबर तीस वर्षांत बदललेला नाही. शाळेतून आली की ती पोर रोज याच नंबरवर फोन करायची, बाबा कधी येणार विचारायला, आणि बऱ्याचदा तो मीच उचललेला आहे. तिच्या मोबाईलवर तोच नंबर उमटला असणार. हे काकांच्या लक्षात आलं होतं की नाही ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी मी माझं यंत्र फोनच्या टोकाला ओढून घेतलं आणि सहा वाजेपर्यंत तिथेच बसून काम केलं. फोन तीन वेळा वाजला. तिन्ही वेळा दुकानं होती.